एका तारेवरचीं घड्याळें : अलेक्झांडर बेन याचें चरित्र

कोणत्याही मोठ्या इमारतींत जा. शाळेंत, कचेरींत, इस्पितळांत किंवा रेल्वेच्या स्टेशनांत. भिंतीवर घड्याळें टांगलेलीं दिसतील, आणि थोडें लक्ष देऊन पाहिलें तर त्यांपैकीं दोघांचें एकमत असेल तर शपथ! एका वर्गांत साडेदहा वाजलेले असतात, शेजारच्या वर्गांत दहा वाजून सत्तावीस मिनिटें झालेलीं असतात, आणि शिपाई ज्या घड्याळाकडे पाहून तासाची घंटा देतो तें कचेरींतील घड्याळ या दोहोंहून निराळेंच कांहीं सांगत असतें. या तीन मिनिटांची किंमत काय, हें ज्याची उत्तरपत्रिका शेवटचें गणित अर्धें असतांना काढून घेतली गेली त्या विद्यार्थ्यास विचारावें.

इमारतींतील सर्व घड्याळें एका मुख्य घड्याळाच्या आज्ञेंत ठेवावीं, त्यांस किल्ली देण्याची गरजच पडूं नये, आणि एका तारेंतून आलेल्या विजेनें त्या सर्वांचे कांटे एकाच क्षणीं पुढें सरकावे, ही कल्पना आज आपणांस साधी वाटते. परंतु १८४० सालीं ती इतकी नवी होती कीं, ती आपली आहे हें सिद्ध करण्यांत एका मनुष्याचें अर्धें आयुष्य खर्ची पडलें. तो मनुष्य गरीब कुळाचा मुलगा होता, शाळेंत त्याची गणना हुशार मुलांत कधींच झाली नाहीं, आणि ज्याच्याशीं त्याला झगडावें लागलें तो त्या काळच्या सर्वांत नामांकित शास्त्रज्ञांपैकीं एक होता. त्याचें नांव अलेक्झांडर बेन.

स्कॉटलंडच्या अगदीं उत्तर टोंकास केथनेस नांवाचा परगणा आहे. समुद्रावरून येणारा वारा तेथें इतका झोंबतो कीं, झाडें क्वचितच दिसतात. हिवाळ्यांत दुपार उलटते न उलटते तोंच अंधार पडतो. या परगण्यांतील वॅटन गांवाजवळ लीनमोर येथें १८१० सालीं बेनचा जन्म झाला. बाप दुसऱ्याच्या जमिनीचा तुकडा खंडानें कसून पोट भरणारा कुणबी. घरांत एकंदर तेरा मुलें. त्यांत अलेक्झांडर आणि मार्गारेट हीं जुळीं. तेरा तोंडांच्या घरांत जें होतें तेंच येथेंही झालें. उन्हाळ्यांत गुरेंमेंढरें राखावयाचीं आणि हिवाळ्यांत, काम नसेल तेव्हां, शाळेंत जावयाचें. मेंढ्यांच्या मागें फिरतांना मुलाचें चित्त भलतीकडेच असे, आणि शाळेंतही तें तसेंच भलतीकडे राहिलें. पुस्तकी विद्येंत त्याची गति बेताचीच होती. पुढें जेव्हां जेव्हां त्याला स्वतःची बाजू लेखी मांडण्याचा प्रसंग आला, तेव्हां तेव्हां ही उणीव त्याला नडली.

मुलाला यंत्रांची आवड आहे हें पाहून बापानें त्यास विक या गांवीं जॉन सेलर नांवाच्या घड्याळजीकडे उमेदवारीस ठेविलें. घड्याळजीची उमेदवारी म्हणजे पहिलीं कांहीं वर्षें केवळ दांते घांसणें, धूळ झाडणें आणि तेल घालणें. तें त्यानें केलें. पण त्याच्या आयुष्याची दिशा ठरली ती या दुकानांत नव्हे. १८३० च्या जानेवारींत थर्सो गांवीं प्रकाश, उष्णता आणि विद्युत् या विषयांवर एक व्याख्यान झालें. प्रवेशाचा दर एक पेनी. विकपासून थर्सो वीस मैलांहून अधिक दूर, दिवस ऐन हिवाळ्याचे. बेन तेथें पायीं गेला, व्याख्यान ऐकलें आणि पायींच परतला. त्या रात्रीं त्यानें काय काय ऐकलें हें आपणांस ठाऊक नाहीं; परंतु घड्याळ आणि वीज या दोन गोष्टी त्याच्या डोक्यांत जवळ जवळ येऊन बसल्या त्या त्या दिवसापासून, असें तो पुढें सांगत असे.

उमेदवारी आटोपल्यावर कांहीं काळ एडिंबरो येथें काम करून १८३७ सालीं तो लंडनला आला. लंडनमधील क्लार्कनवेल हा भाग म्हणजे घड्याळजींची पेठ. कोणी चाकें कापी, कोणी कमानी करी, कोणी तबकड्या रंगवी. तेथें बेन रोजंदारीवर राहिला. दिवसा पोटाचें काम आणि संध्याकाळीं विजेचे प्रयोग पाहणें असा त्याचा क्रम होता. ॲडिलेड गॅलरी व पॉलिटेक्निक संस्था या दोन ठिकाणीं लोकांस थोड्या पैशांत नवीं यंत्रें व प्रयोग दाखवीत. ज्याला विद्यापीठाचें दार बंद होतें त्याला हींच विद्यापीठें. आणि काळही अनुकूल होता. बेन ज्या वर्षीं लंडनला आला त्याच वर्षीं कूक आणि व्हीटस्टन या दोघांनीं विजेच्या तारायंत्राचें पेटंट घेतलें होतें. तारेंतून संदेश जाऊं शकतो हें सिद्ध झालेलें होतें. तारेंतून वेळ कां जाऊं नये, असें बेनच्या मनानें घेतलें.

येथें क्षणभर थांबून त्याची युक्ति समजून घेऊं. साध्या घड्याळांत दोन निरनिराळीं कामें चाललेलीं असतात. वजन किंवा कमान चाकांना गति देते. आणि लंबक त्या गतीस लगाम घालून ती ठराविक मापानें सोडतो. प्रत्येक घड्याळांत स्वतंत्र कमान आणि स्वतंत्र लंबक असल्यामुळें प्रत्येकाचें वागणें थोडथोडें निराळें होतें. एखादें दिवसाला अर्धें मिनिट पुढें जातें, एखादें तितकेंच मागें पडतें. आठवड्यानें त्या दोहोंत सात मिनिटांचें अंतर पडतें. रोज सकाळीं सर्वांस बरोबर लावणें हा उपाय. पण मोठ्या इमारतींत तें एका माणसाचें दिवसभराचें काम होऊन बसतें, आणि तो शेवटच्या घड्याळापाशीं पोंचेपर्यंत पहिलें पुन्हां ढळूं लागलेलें असतें.

बेनच्या ध्यानांत आलें कीं, चांगला लंबक असलेलें एकच घड्याळ पुरे. त्याचा लंबक झुलतांना प्रत्येक झोक्यास धातूच्या एका पट्टीस स्पर्श करील, आणि तेवढ्या क्षणापुरता तारेंतून विजेचा प्रवाह वाहील. ती तार इमारतींतील इतर घड्याळांत नेली, आणि प्रत्येकांत तारेचें वेटोळें गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा बसविला, कीं प्रवाह येतांच तो तुकडा लोहचुंबक बनेल, एक तरफ ओढून घेईल, आणि ती तरफ चाकाचा एक दांता पुढें ढकलील. झालें! या दुय्यम घड्याळांस ना कमान, ना वजन, ना लंबक, ना किल्ली. त्यांस चालण्याचें बळ आणि चालण्याचा क्षण हीं दोन्ही एकाच तारेनें येतात. माळेंत ओंवलेल्या मण्यांप्रमाणें हीं सर्व घड्याळें एकाच तारेवर ओंवलेलीं. एकीकडे मुख्य घड्याळ टिक् म्हणतें आणि सर्व मजल्यांवर कांटे एकदम हालतात.

पुढें त्यानें मुख्य घड्याळाचें वजनही काढून टाकलें. लंबकाच्या खालच्या गोळ्याऐवजीं त्यानें तारेचें पोकळ वेटोळें लाविलें, आणि तें स्थिर लोहचुंबकांवरून झुलेल अशी योजना केली. लंबकच एक बारीक सरकती पट्टी हालवून आपला प्रवाह सुरू करी आणि बंद करी. या प्रवाहासाठीं त्यानें जी बॅटरी केली तिची गंमत अशी कीं, ती जमिनींतच पुरलेली असे. ओल्या मातींत थोड्या अंतरावर जस्ताचा एक पत्रा व तांब्याचा एक पत्रा पुरावयाचा आणि दोहोंस तारा जोडावयाच्या. दाब फार तर एक व्होल्टच्या आसपास. पण झुलत्या लंबकास हलकासा धक्का देण्यास तेवढा पुरतो, आणि जस्त झिजेपर्यंत तो चालू राहतो. शेतांत राबणाऱ्या कुणब्याच्या पोरानें आपल्या घड्याळाचें अन्न जमिनींतूनच काढावें हें मला फार शोभून दिसतें.

पण युक्ति सुचणें निराळें आणि ती बाजारांत आणणें निराळें. त्या काळीं इंग्लंडांत पेटंट घेण्यास शंभर पौंडांहून अधिक खर्च येई, आणि रोजंदारीवरच्या कारागिराजवळ ते कोठून असणार? १८४० सालीं बेननें आपली अडचण कारागिरांसाठीं निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या संपादकवर्गाच्या कानावर घातली. त्यांनीं सद्बुद्धीनें त्यास चार्ल्स व्हीटस्टन याच्याकडे पाठविलें. व्हीटस्टन लंडनच्या किंग्ज कॉलेजांत प्राध्यापक होता, तारायंत्राचा एक जनक होता, आणि धडपड्या कारागिरास मदत करण्याची ऐपत त्याच्या अंगीं होती. ऑगस्ट महिन्यांत बेन आपले नमुने घेऊन त्याच्याकडे गेला.

व्हीटस्टननें ते पाहिले. बेनच्या सांगण्याप्रमाणें, घड्याळाच्या नमुन्याकडे बोट करून त्यानें असल्या खेळण्यांस कांहीं भवितव्य नाहीं, त्यांच्या मागें न लागणेंच बरें, असा उपदेश केला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, नोव्हेंबरच्या २६ तारखेस, याच व्हीटस्टननें रॉयल सोसायटीसमोर विजेवर चालणारें एक घड्याळ मांडलें, आणि तें स्वतःचा शोध म्हणून मांडलें.

बेन भोळा होता, पण सर्वस्वीं भोळा नव्हता. व्हीटस्टनचा उपदेश त्यानें ऐकून घेतला आणि ऑक्टोबर महिन्यांतच जॉन बारवाइझ या घड्याळजीस भागीदार करून पेटंटासाठीं अर्ज दाखल केला. म्हणजे रॉयल सोसायटींतील त्या प्रदर्शनाच्या पूर्वींच कागद सरकारदरबारीं पडलेला होता. ११ जानेवारी १८४१ रोजीं पेटंट मंजूर झालें. व्हीटस्टननें तें रद्द व्हावें म्हणून खटपट केली, ती फसली.

या ठिकाणीं चरित्रकारानें न्यायाधीशाचा झगा अंगावर घेण्याची घाई करूं नये. व्हीटस्टन हा कोणी भुरटा चोर नव्हता. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास व्हीटस्टनचा पूल म्हणून विजेचा रोध मोजण्याची जी रचना शिकवितात, ती वस्तुतः क्रिस्टी नांवाच्या गृहस्थाची. आणि ती त्याचीच असल्याचें व्हीटस्टननें स्वतः प्रामाणिकपणें सांगितलेलें आहे. जगानेंच तिला त्याचें नांव देऊन टाकलें. शिवाय विजेनें घड्याळें चालविण्याचा विचार त्या वेळीं एकट्या बेनलाच सुचला होता असेंही नाहीं. जर्मनींत म्यूनिक शहरीं स्टाइनहाइल नांवाच्या शास्त्रज्ञानें १८३९ सालींच तशी योजना केली होती. कल्पना हवेंत असते असें म्हणतात तें खोटें नाहीं. तथापि तारखा डोळ्यांसमोर ठेवल्या म्हणजे एवढें तरी मान्य करावेंच लागतें कीं, नमुना पाहणें, त्याची थट्टा करणें आणि तीन महिन्यांत तोच प्रकार विद्वानांसमोर आणणें ही गोष्ट प्राध्यापकास शोभण्यासारखी झाली नाहीं. एकाच्या मागें नांव, पदवी आणि सभागृह होतें. दुसऱ्याच्या हातीं केवळ तारखा होत्या.

त्या तारखा लोकांपुढें मांडण्यास त्याला एक चांगला मित्र मिळाला. जॉन फिनलेसन हा सरकारी हिशेबांतला मोठा जाणता, विम्याच्या गणितांतला अग्रणी. आणि तो थर्सोचाच, म्हणजे बेनच्या परगण्यांतला. १८४३ सालीं त्यानें बेनच्या शोधांवर एक पुस्तक प्रसिद्ध करून सगळा वाद वाचकांपुढें ठेविला. आपल्या गांवचा माणूस परक्या शहरांत अडचणींत सांपडला असतां त्याच्यासाठीं लेखणी उचलणारा असा गृहस्थ प्रत्येकाला लाभतोच असें नाहीं.

त्याच वर्षीं बेननें आणखी एका यंत्राचें पेटंट घेतलें. तें वरवर पाहतां घड्याळांहून अगदीं निराळें, पण मूळ विचार तोच. दोन गांवीं दोन लंबक ठेवावयाचे आणि विजेच्या साहाय्यानें ते एकाच तालांत झुलत ठेवावयाचे. एका लंबकाची टोंचणी धातूच्या उठावदार अक्षरांवरून फिरे. जेथें अक्षर लागे तेथें प्रवाह वाही, आणि दुसऱ्या गांवच्या लंबकाची टोंचणी रासायनिक द्रवांत भिजविलेल्या कागदावर तेथेंच डाग उठवी. प्रत्येक झोक्यागणिक एक एक ओळ खालीं सरकत सर्व मजकूर जसाच्या तसा उमटे. विसाव्या शतकांत कचेऱ्या-कचेऱ्यांतून जें फॅक्सचें यंत्र खडखडत असे त्याचा मूळपुरुष हाच. बेनचें हें यंत्र कागदावरून व्यवहारांत नीटसें उतरलें नाहीं. बेकवेल यानें १८५१ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति दाखविली, आणि कासेली नांवाच्या इटालियन गृहस्थानें १८६५ च्या सुमारास पॅरिस व लियों या शहरांत तसली सेवा प्रत्यक्ष चालविली. दोन घड्याळें तंतोतंत एका चालीनें चालवितां आलीं तर दूरवर चित्रही पाठवितां येईल हें ओळखणारा मात्र पहिला बेन.

१८४४ सालीं त्यानें एका विधवेशीं लग्न केलें आणि एडिंबरोच्या हॅनोव्हर स्ट्रीटमध्यें कारखाना काढला. हीं त्याच्या आयुष्यांतील सर्वांत बरीं वर्षें. एडिंबरो व ग्लासगो या शहरांमधील ४६ मैलांच्या रेल्वेवर त्यानें आपलें तारायंत्र घातलें, आणि त्याच तारेच्या योगें एका शहरांतील घड्याळाकडून दुसऱ्या शहरांतील घड्याळ चालवून दाखविलें. याचें महत्त्व कळण्यास एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. त्या काळीं गांवोगांवचा सूर्य हाच गांवोगांवचा घड्याळजी होता. एडिंबरोच्या पश्चिमेस ग्लासगो. म्हणून तेथें मध्यान्ह सुमारें सव्वाचार मिनिटें उशीरा होई, आणि घड्याळेंही तितकींच मागें असत. बैलगाडीच्या जगांत त्यानें कांहीं बिघडत नसे. आगगाडीच्या जगांत एकाच रुळावरून येणाऱ्या दोन गाड्यांस सव्वाचार मिनिटें म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. इंग्लंडांतील रेल्वे कंपन्यांनीं १८४७ च्या सुमारास ग्रीनिचची वेळ सर्वत्र मान्य करण्याचें ठरविलें. कायद्यानें ती सर्व देशास लागू झाली १८८० मध्यें. आपल्याकडेही हा घोटाळा दीर्घ काळ चालला. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली, तरी मुंबई शहर तिच्या ३९ मिनिटें मागें असलेल्या आपल्या जुन्या वेळेस पुढेंही कित्येक वर्षें बिलगून राहिलें. पणजोबांच्या पिढीस एखाद्या कार्यक्रमाची वेळ कळविली म्हणजे ती कोणती, मुंबईची कीं प्रमाण, असें विचारावें लागे.

१८४६ सालीं इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनी स्थापण्याचें बिल पार्लमेंटांत आलें. या कंपनीचा आधार व्हीटस्टन व कूक यांचीं पेटंटें हा होता. बेननें हरकत घेतली, आणि लॉर्डांच्या सभेच्या कमिटीपुढें त्याची साक्ष झाली. मेंढ्या राखलेला हा मनुष्य, ज्यास धड लेख लिहितां येत नसे, तो सरदार-दरकदारांसमोर उभा राहून आपले नमुने आणि आपल्या तारखा सांगूं लागला. त्याचा परिणाम इतका झाला कीं, कंपनीस त्याच्याशीं तडजोड करणें भाग पडलें. त्याच्या पेटंटांबद्दल तिनें त्यास हजारों पौंड दिले. वीस मैल चालून एक पेनी देऊन व्याख्यान ऐकणाऱ्या मुलास याहून मोठा विजय कोणता हवा होता?

कथा येथें संपली असती तर किती गोड झालें असतें! परंतु संपत्ति मिळविणें आणि ती राखणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि दुसरी विद्या बेनला अवगत नव्हती. १८४६ सालींच त्यानें रासायनिक तारायंत्राचें पेटंट घेतलें होतें. त्यांत संदेश अगोदर कागदाच्या पट्टीवर भोंकें पाडून तयार करावयाचा आणि ती पट्टी यंत्रांतून भरधाव सोडावयाची. पलीकडे ओल्या कागदावर निळ्या खुणा उठत. फ्रान्समधील एका परीक्षेंत या यंत्रानें ५२ सेकंदांत २८२ शब्द पाठविले. त्या काळीं मोर्सच्या पद्धतीनें मिनिटास चाळीस शब्दसुद्धां पुष्कळ समजले जात. हें यंत्र घेऊन तो १८४८ सालीं अमेरिकेस गेला. तेथें कांहीं मार्गांवर तें चालूंही लागलें. परंतु तेथें मोर्स होता. आपल्या पेटंटाचा भंग झाला अशी त्याच्या पक्षानें फिर्याद केली आणि कोर्टानें बेनच्या विरुद्ध निकाल दिला. लंडनमध्यें तारखांनीं ज्याला तारलें त्याला फिलाडेल्फियांत तारखांचा उपयोग झाला नाहीं. भोंकें पाडलेल्या पट्टीची कल्पना मात्र मेली नाहीं. ती सुधारून १८५८ सालीं ज्यानें आपलें वेगवान तारायंत्र बनविलें तो पुरुष दुसरा कोणी नसून व्हीटस्टनच होय.

अमेरिकेहून परतल्यावर १८५२ सालीं बेननें लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर विजेच्या घड्याळांचें दुकान थाटलें. जागा श्रीमंती, भाडें श्रीमंती, गिऱ्हाइकें मात्र बेताचीं. दुकान चाललें नाहीं. त्याच वर्षीं ग्रीनिचच्या वेधशाळेंत विजेचें मुख्य घड्याळ बसविण्यांत आलें. तेथून तारेनें वेधशाळेंतील इतर घड्याळें चालत, फाटकाजवळच्या भिंतींतील चोवीस तासांची तबकडी लोकांस बरोबर वेळ दाखवी, आणि तीच वेळ तारेनें लंडन ब्रिज स्टेशनाकडे व तेथून देशभर जाई. तें घड्याळ चार्ल्स शेपर्ड याचें होतें. शेपर्डचें काम उत्तम होतें यांत शंका नाहीं. त्याची फाटकाजवळची तबकडी आजही प्रवासी कौतुकानें पाहतात. पण एका तारेवर अनेक घड्याळें चालविण्याचें जें स्वप्न बेननें बारा वर्षांपूर्वीं कागदावर उतरविलें होतें तें राष्ट्राच्या मानबिंदूवर प्रत्यक्षांत आलें तेव्हां, त्याच शहरांत तो स्वतः गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता.

पुढील वीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखें थोडें आहे, आणि जें आहे तें दुःखाचें आहे. कांहीं पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला, कांहीं नव्या नव्या शोधांच्या पेटंटांत गेला. स्वभावही थोडा ताठर. झालेला अन्याय त्याला विसरतां येईना, आणि ज्यांच्याशीं जुळवून घेतल्यावांचून व्यापार चालत नाहीं अशा माणसांशीं त्याला जुळवून घेतां येईना. यांत त्याचा दोष किती आणि परिस्थितीचा किती हें वांटून दाखविणें कठीण आहे. मला वाटतें, दोष मुळींच नव्हता असें म्हणणें म्हणजे त्याच्यावर उगाच दया करणें होईल. अखेर तो ग्लासगो येथें आला आणि तरुणपणीं करीत असे तसेंच घड्याळ-दुरुस्तीचें व यंत्रांचें किरकोळ काम करून राहूं लागला. बायको त्याच्या अगोदरच वारली होती; मुलें दूरदेशीं.

तारायंत्राच्या विद्येंतील मोठमोठ्या पुरुषांस हें कळलें तेव्हां त्यांस वाईट वाटलें. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्विन झाले, विल्यम सीमेन्स, लॅटिमर क्लार्क इत्यादिकांनीं खटपट केली. रॉयल सोसायटीनें त्यास १५० पौंड दिले. ज्या सभागृहांत तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं त्याचा शोध दुसऱ्याच्या नांवानें मांडला गेला होता, त्याच संस्थेकडून हा पैसा आला ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आली असेल काय? १८७३ सालीं मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांनीं त्यास सालीना ८० पौंडांचें पेन्शन करून दिलें. सुख असें तें थोडेंच दिवस लाभलें. पायांस अर्धांगवायूनें ग्रासल्यामुळें त्याला कर्किंटिलॉक गांवच्या ब्रूमहिल येथील असाध्य रोग्यांच्या आश्रमांत ठेवावें लागलें. तेथेंच २ जानेवारी १८७७ रोजीं त्याचा अंत झाला, आणि जवळच्या ऑल्ड आइल स्मशानभूमींत त्याला पुरण्यांत आलें. व्हीटस्टन, सर ही पदवी मिळवून, सव्वा वर्षापूर्वींच पॅरिस येथें मरण पावला होता.

विक गांवांत ज्या इमारतींत बेननें उमेदवारी केली तिच्या भिंतीवर आज त्याच्या नांवाचा फलक आहे, वॅटन येथेंही स्मारक आहे, आणि त्याचीं घड्याळें वस्तुसंग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. त्याच्या विचाराचा वंश मात्र संग्रहालयांत गेला नाहीं. मुख्य घड्याळ आणि त्याच्या तारेवरचीं दुय्यम घड्याळें ही पद्धत पुढें शेंकडो स्टेशनांत, कारखान्यांत व शाळांत गेली. विसाव्या शतकांत घरोघर वीज आली तेव्हां वीजगृहाच्या प्रवाहाच्या स्पंदनांवरच चालणारीं घड्याळें निघालीं. मग बॅटरीचीं क्वार्ट्झ घड्याळें आलीं, आणि तीं इतकीं स्वस्त झालीं कीं प्रत्येक खोलीस पुन्हां आपापलें घड्याळ मिळालें, आणि आपापली वेळही! या लेखाच्या आरंभीं ज्या तीन मिनिटांचें गाऱ्हाणें केलें तीं येथूनच आलीं.

अलीकडे मोठ्या शाळांत व इस्पितळांत संगणकाच्या जाळ्यावर चालणारीं घड्याळें बसवितात. संगणकांना परस्परांपासून अचूक वेळ घेतां यावी म्हणून डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८५ च्या सुमारास एक पद्धत बांधून दिली. तिच्यांत घड्याळ मुख्य केंद्रास वेळ विचारतें, प्रश्न जाण्यास व उत्तर येण्यास किती अवधि लागला तो मोजतें, आणि तेवढी वजावट करून स्वतःस दुरुस्त करून घेतें. हा वाटेंतला उशीर बेनला हिशेबांत घ्यावा लागत नव्हता, कारण त्याच्या तारेंतून वेळ विचारली जात नसे, केवळ धक्का येत असे. २००३ सालीं त्याच संदेशाच्या केबलमधून सुमारें ४८ व्होल्टची वीजही पाठविण्याचें प्रमाण ठरलें. तेव्हांपासून अशा घड्याळास भिंतींतील वेगळा विजेचा खटका लागत नाहीं आणि बॅटरीही लागत नाहीं. एकच केबल मागून येते. तिच्यांतून चालण्याचें बळही येतें आणि चालण्याचा क्षणही येतो.

बेनच्या माळेंतील तार तुटली कीं तिच्यावरचीं सारीं घड्याळें जागच्या जागीं थांबत, आणि तार जोडल्यावर कोणीतरी शिडी घेऊन एकेकाचे कांटे लावीत फिरावें लागे. ही शिडी आतां राहिली नाहीं. रात्रीं वीज जाते, सगळीं घड्याळें थांबतात. पहांटे वीज येते. रिकाम्या वर्गांत कोणी नसतांना प्रत्येक घड्याळ केंद्रास वेळ विचारतें, आणि मग सर्व भिंतींवरचे कांटे भराभर गोल फिरून एकाच ठिकाणीं येऊन थांबतात.